पुढचे गाळे, मागचे गाळे

जुन्या नगरभवनाच्या दगडी भिंती तशाच ठेवून वर घरं आणि खाली दुकानं काढायचं ठरलं. पायऱ्यांवर बांगड्या विकणाऱ्या गिरजाबाई कासारांना मात्र “पायरीवाल्यांनाही गाळे देऊ” हे नगराध्यक्ष नाईकनवऱ्यांचं गोड बोलणं खटकत होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

सभेत नकाशा लागला. रस्त्याकडचे गाळे अध्यक्षांच्या मेव्हण्याला, मागचे पायरीवाल्यांना.

“साहेब, मागं गिऱ्हाईक येईल?” गिरजाबाईंनी विचारलं.

“अहो बाई, उजेड तोच, वारा तोच. पुढच्या-मागच्यात तिळाएवढा फरक नाही!” अध्यक्ष ठासून म्हणाले.

गिरजाबाईंनी हात जोडले. “मग काळजीच मिटली. मेव्हण्यांना मागचे द्या, आम्ही पुढच्यांत भागवून घेऊ.”

सभेत हशा पिकला. मेव्हण्यानं मान खाली घातली, आणि अध्यक्षांना तिथंच नकाशावरची नावं बदलावी लागली.