करंजबंदरची थांबलेली प्रार्थना

करंजबंदरला खडकावर एक दगडी क्रूस आहे. संध्याकाळी गाव तिथे रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, जमते. प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हांला कर, असे मागायची ओळ आहे. तिच्या अलीकडे सगळे एकदम गप्प होतात. पाहुण्यांना वाटते, शब्द विसरले. मग सांतान आजोबा त्यांना पायरीवर बसवून घेतात आणि ही हकिगत सांगतात.

फार पूर्वी गावात इजाबेल नावाची विधवा होती, म्हणे. तिचा एकुलता एक मुलगा जोकिन पास्कू तांडेलाच्या मासेमारी मचव्यावर खलाशी होता. एकदा भर समुद्रात जाळे अडकले. ते सोडवायला जोकिन मागे बांधलेल्या होडग्यात उतरला आणि तेवढ्यात तुफान आले. होडगे पाण्याने भरले, त्याच्या ओढीने मचवा कलू लागला. वरच्या सगळ्यांचे जीव वाचवायला पास्कूने कोयत्याने होडग्याचा दोर तोडला. जोकिन परत आला नाही.

पास्कूचे जेवण सुटले, झोप गेली. गल्लीतून जाताना तो भिंतीला धरून चाले. ते पाहून इजाबेलला थोडे बरे वाटे. जोकिनसाठी जळणारे आणखी कुणीतरी आहे, एवढाच तिला आधार होता.

मग पास्कू फादरांकडे गेला, पापाची कबुली दिली आणि क्षमा घेऊन आला. त्या रात्री तो झोपला. पुढे सणाला अंगणात बसून हसला. ते हसू शेजारच्या घरात इजाबेलला ऐकू गेले. जोकिनच्या जाण्याइतकेच तिला ते डाचू लागले. तिच्याकडे रडणे उरले होते, आणि त्याला देव मिळाला होता.

ती फादरांपुढे जाऊन उभी राहिली.

"पोर माझं गेलं आणि माफी तुम्ही देऊन मोकळे? मला विचारलंत?"

"मी कोण देणारा, बाय? देवानं दिली."

"मग देवानं तरी विचारायचं."



त्या संध्याकाळी क्रूसापाशी ती ओळ जवळ आली, तशी इजाबेल पास्कूकडे बोट करून ओरडली, "थांबा! ही ओळ याच्या तोंडून मला ऐकवत नाही."

"गप गो इजाबाय, प्रार्थना चाललीय," बायका कुजबुजल्या.

पास्कू मात्र थांबला. म्हणाला, "मला माफी मिळाली, बाय. मिळाली नाही असं खोटं कसं बोलू? पण तुला मागं टाकून ही ओळ म्हणणार नाही. तू ती म्हणशील तेव्हा मीही म्हणेन."

तेव्हापासून रोज तो तिथे थांबे. त्याच्यामुळे गावही थांबे, आणि ती ओळ वगळून पुढे जाई. दोघांचे केस पिकले. इजाबेलचे ओठ त्या ओळीसाठी उघडले नाहीत.

शेवटी पास्कू अंथरुणाला खिळला. इजाबेल त्याच्या दारात गेली, तेव्हा त्याची बायको नातालीन आडवी आली. "इतकी वर्षं तिष्ठत ठेवलंस माझ्या माणसाला. आता मरतानाही पहारा देणार काय?" पण बोलता बोलता तिने वाट दिली.

इजाबेल खाटेशी बसली. पास्कूचा चेहरा शांत होता.

"इथंसुद्धा तूच पुढं," ती म्हणाली. "माझ्या जोकिनला माझ्या आधी भेटणार."

पास्कूने डोळे उघडले. "भेटला तर काय सांगू?"

इतक्या वर्षांत लेकाला निरोप धाडायची वेळ इजाबेलवर कधी आली नव्हती. मनात होते नव्हते ते तिने चाचपून पाहिले. राग आणि हेवाच होता; त्यातले काहीही पोराला धाडावेसे वाटेना. बराच वेळ ती पास्कूचे पांघरूण सारखे करत राहिली.

"सांग, आयनं ती ओळ म्हटली."

"म्हटलीस कुठं?" पास्कू म्हणाला.

नातालीन दारातून हसली आणि लगेच पदर तोंडाशी धरून रडू लागली. मग इजाबेलने ती ओळ म्हटली. आवाज फाटला, तरी शेवटपर्यंत म्हटली. पास्कूने तिच्यामागून म्हटली.

आजही करंजबंदरची प्रार्थना त्या जागी थांबते. कुणी कुणाकडे वळून पाहत नाही. आज कुणासाठी थांबलो आहोत, हे विचारायचे नसते. ज्याच्या मनात कुणाविषयी सल असेल, त्याने ती ओळ सुरू करायची; गर्दीतून तो आवाज कधी लगेच निघतो, कधी उशिरा. कधी निघतच नाही. त्या दिवशी गाव ती ओळ त्या माणसासाठी ठेवून पुढचे म्हणते, आणि दुसऱ्या संध्याकाळी येऊन पुन्हा तिथेच थांबते.