महाराजांचा डेटा खाल्ला कोणी?

"चोर! चोर! आमचा डेटा चोरला!"

टेकाडगडचे भानजीराजे सिंहासनावरून गरजले. दिवसभराचा डेटा आजही दुपारच्या जेवणाआधीच संपला होता, आणि तोही ऐन मोक्याला! फोनवर कुस्ती रंगलेली, राजांच्या लाडक्या पैलवानानं समोरच्याला डोक्यावर उचललेलं, आणि पडद्यावर ते मेलं गोल चाक फिरू लागलं. राजांचं जेवण झालं, विडा झाला, तरी समोरचा अजून हवेतच!

"महाराज, फोन दिवसभर कोणाच्या हाती असतो?" दिवाण खंडेरायांनी हळूच काडी टाकली. "या गोजराच्या!"

गोजरा ही राजांचा फोन तबकात घेऊन त्यांच्या मागं मागं फिरणारी दासी.

"गोजरे! उद्या संध्याकाळपर्यंत चोर दरबारात उभा कर. नाहीतर राज्याबाहेर चालती हो!"

गोजरानं मनाशी हिशेब मांडला. घरी म्हातारी सासू, दारात गाय. हे सगळं घेऊन जायचं कुठं? चोर तिला ठाऊक होता, पण नुसतं नाव घेतलं तर तिचं ऐकणार कोण?

त्याचं असं, की उजाडताच प्रत्येक मानकऱ्यानं राजांना मुजरा करायचा, हा टेकाडगडचा जुना रिवाज. हल्ली गड चढायचा साऱ्यांनाच कंटाळा, म्हणून घरबसल्या व्हिडिओ धाडायची पद्धत पडली. कुणाच्या व्हिडिओत तुताऱ्या, कुणाच्यात फुलांचा पाऊस. दिवाणांच्या व्हिडिओत तर राजे सिंहावर बसून ढगांतून येत! राजांचा फोन ते सगळे न विचारता उतरवून घेई आणि डेटा फस्त होई. राजांनी मात्र त्यातला एकही कधी उघडला नव्हता.

"महाराज, येक दवंडी पिटायची परवानगी द्या जी," गोजरा म्हणाली.

"पीट! पण चोर हवा!"

संध्याकाळी गावभर दवंडी फिरली. "ऐका हो ऐका! उद्यापासून महाराजांच्या फोनचा खर्च मुजरा धाडणाऱ्यांकडून वसूल होणार होऽऽ!"

दुसऱ्या दिवशी फोन चिडीचूप! राजांनी सगळ्या कुस्त्या पाहिल्या, वर पैलवानांच्या मुलाखतीही पाहिल्या. तरी डेटा उरला. मिशीला पीळ देत ते दरबारात आले.

"शाबास! आता चोर कुठाय?"

"समदे हितंच हायेत, महाराज. आज ज्यांचा मुजरा आला न्हाई, त्येच! त्यांचे व्हिडिओच तुमचा डेटा खात हुते. काल तुमच्या खर्चानं निष्ठा नुसती उतू चालली हुती. आज सोताच्या खर्चानं करायची म्हटल्यावर पार आटली!"

मानकरी आपापल्या पायांची बोटं न्याहाळू लागले.

"दिवाणजी, तुमचाही मुजरा नाही?" राजांचा आवाज चढला.

"केला ना, महाराज!" दिवाण लगबगीनं पुढं झाले. "आज... मनातल्या मनात केला!"

"मग रोज तसाच करा की, दिवाणजी!" गोजरा म्हणाली. "मनातल्या मुजऱ्याला डेटा लागत न्हाई!"

राजे असे खदखदून हसले, की डोक्यावरचा मंदिल सावरावा लागला. त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या हातावर ठेवलं आणि तिच्या फोनला वर्षभराचा रिचार्ज मारायचा हुकूम सोडला. दिवाणांच्या खर्चानं!