झोपेचं सोंग

"मौन घ्यायचं असेल तर आधी काय करावं लागतं, भंते?"

भंते शीलबोधी विहाराच्या ओट्यावर बसून फाटलेल्या चिवराला टाके घालत होते. त्यांनी वर पाहिलं. समोर अठरा वर्षांची एक मुलगी उभी होती. पाठीला सॅक, नजर फरशीवर.

"आधी बस," ते म्हणाले.

ती बसली. खांबाच्या आड.

तिचं नाव सुकेशनी खिल्लारे. विहाराच्या मागच्या टेकडीवर विद्यापीठ होतं. चार महिन्यांपूर्वी ती हिंगोलीकडच्या एका खेड्यातून तिथं शिकायला आली होती. बारावीला तालुक्यात पहिली आली म्हणून गावच्या चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. इथं वर्गातल्या कुणाला तिचं नावही सांगता आलं नसतं.

"मौन कशाला हवं?"

"मला बोलता येत नाही."

"आत्ता बोलतेस की."

ती हळूहळू सांगू लागली.

शुक्रवारी सेमिनार होता. विषय तोंडपाठ होता. फळ्यापाशी गेली, खडू हातात घेतला, आणि शब्दच फुटेना. तीन-चार मिनिटं ती तशीच उभी राहिली. शेवटी सर म्हणाले, "बसा."

"मुलं हसली?"

"नाही. हसली असती तरी चाललं असतं. कुणी बघितलंच नाही, भंते. सगळे मोबाइलमध्ये होते."

भंतेंनी एक टाका घातला.

"मौन घेतलंय म्हटलं की कुणी काही विचारणार नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजाला जराशी धार आली. "लाजाळू आहे, घाबरते, असं म्हणणार नाहीत. उलट मान देतील."

"हॉस्टेलच्या खोलीत एकटीच असतेस?"

"आता एकटीच. आधी एक मुलगी होती. रमिला पावरा. धडगावकडची."

"कुठं गेली?"

"घरी. आठ दिवस झाले. शिक्षण सोडलं म्हणतात."

"का?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

"आम्ही बोलत नव्हतो." ती घाईनं म्हणाली, "भांडण नव्हतं, भंते. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी आणखीच अवघड झालं. मग... तसंच राहिलं."

"चार महिने?"

तिनं होकारार्थी मान हलवली. मग, कुणी विचारलं नसताना, म्हणाली, "आईला मात्र रोज फोनवर सांगायचे. रमिला माझी मैत्रीण आहे. आम्ही एका ताटात जेवतो. तिनं माझ्या केसांना तेल लावून दिलं."

"दिलं होतं?"

"नाही."

भंतेंनी सुई बाजूला ठेवली.

"जाताना ती काही म्हणाली?"

"सकाळी बॅग भरली. माझ्या कॉटपाशी येऊन उभी राहिली. 'जाते मी,' म्हणाली."

"आणि तू?"

"मी झोपल्याचं सोंग घेतलं."

भंतेंनी बसल्या जागी आसन फिरवलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

"भंते?"

तिला वाटलं, ध्यानाला बसले असतील. ती थांबली. ऊन ओट्यावरून खाली पायरीवर गेलं. उठून जावं असं दोनदा वाटलं, पण न सांगता कसं जायचं? समोर नुसती पाठ होती.

"माझं काही चुकलं का, भंते?"

पाठ तशीच ठेवून ते म्हणाले, "तिनं हे मनात किती वेळा विचारलं असेल?"

सुकेशनी उठली. सॅक उचलली आणि निघून गेली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती वॉर्डनबाईंच्या ऑफिसपर्यंत गेली आणि दारातूनच परत फिरली. तिसऱ्या दिवशी आत गेली. "रमिला पावराचा नंबर पाहिजे." एवढं वाक्य बोलताना तिला घाम फुटला. बाईंनी वर न बघता रजिस्टर पुढं सरकवलं.

चौथ्यांदा फोन लागला.

"कोण?"

"सुकेशनी."

"कोण सुकेशनी?"

"तुझ्या खोलीतली."

पलीकडं बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. रेंजसाठी रमिला कुठंतरी उंचावर उभी असावी.

"असा आवाज आहे होय तुझा," रमिला म्हणाली.

सुकेशनीनं कसंबसं विचारलं, "का गेलीस?"

"माझं मराठी चांगलं नाही. वर्गात माझ्या बोलण्यावर हसायचे. खोलीत आले की वाटायचं, तू तरी... पण तू बघतही नव्हतीस. वाटलं, तुला मी खोलीत नकोय."

"तसं नव्हतं गं. तू परत ये. मी—"

"दाखला काढून आणला. सोमवारी भावासोबत सुरतेला चाललेय, कामाला."

"रमिला, ऐक ना—"

फोन कटला. पुन्हा लावला. त्यानंतर लागला नाही. सोमवारपर्यंत ती लावत राहिली.

मंगळवारी दुपारी ती विहारात आली. या वेळी खांबाआड बसली नाही. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "मी एक शब्द बोलले असते, तर ती राहिली असती का?"

तुझा दोष नाही, असं भंते म्हणतील, याची ती वाट बघत होती.

"राहिली असती," ते म्हणाले. "कदाचित."

ती रडू लागली. भंतेंनी तिला थांबवलं नाही, पाण्याचा तांब्याही पुढं केला नाही. ते नुसते तिच्याकडं बघत बसले. या वेळी पाठ फिरवली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"आता मी काय करू, भंते?"

"खोलीवर जा. पोटभर रड."

ती उठली. पायऱ्या उतरून चपला पायात घालत होती, तेव्हा मागून आवाज आला,

"फक्त आतून कडी लावू नकोस."