म्हाळसाक्काची भवानी

फार वर्षांपूर्वी निंबशेताला ना सडक होती ना दुकान. मीठमिरची आणायची तर डोंगर चढून पलीकडच्या पेठेत जायचं, आणि शेतात पिकलेलं विकायचं तर तेही तिथंच. डोक्यावरची पाटी उतरेपर्यंत दिवस कलायचा, मग पेठेतला व्यापारी म्हणेल तो भाव. घरामागून घरं गाव सोडून जायला लागली होती.

त्या गावच्या पंचायतीत म्हाळसाक्का होती. त्या काळी बाईमाणसाला चावडीवर कोण बसवतंय? पण हिला कुणी बसवलंच नव्हतं. ती आपण होऊन येऊन बसली, आणि तिला ऊठ म्हणायची एकाही पंचाची छाती झाली नाही, असं म्हणतात. आवाज असा, की ती चावडीवर बोलली तर ओढ्यापलीकडची गुरं माना वर करीत.

एके सकाळी तिच्या शेजारच्या गुणाप्पा कुंभारानं गाडी जुंपली. त्याचं मडकी घडवायचं चाक गाडीत चढलेलं बघून आक्का धावत आली.

"मडकी खायची का आता, आक्का?" गुणाप्पा म्हणाला. "जातो पेठेकडं. तितं भट्टीवर कायतरी काम मिळंल."

"दिवाळीपतोर थांब, बाबा. आपल्या गावातच बाजार भरवते. न्हाई भरला, तर तुझी गाडी मी सोता येशीपतोर पोचवीन."

शब्द तर दिला. मग पंचायत बसली. ओढ्याकाठचा माळ साफ झाला, बुधवार ठरला. पण पंचायतीनं एक कायदा केला: निंबशेतच्या माणसाशिवाय कुणी या बाजारात माल मांडायचा नाही. गावचा पैसा गावात राहिला पाहिजे! हा शहाणपणा सुचला कुणाला? म्हाळसाक्कालाच. पेठेवरचा राग होता तो, दुसरं काय.

बुधवार उजाडला. सगळं गाव पाट्या घेऊन माळावर आलं आणि विकायला बसलं. घ्यायला कोण येणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वांग्यांसमोर वांगी बसली आणि एकमेकांकडं बघत राहिली. शेजारच्या वाडीतले दोघं-तिघं डोकावले. ना मीठ, ना बांगडी, ना घोंगडं. हसत हसत माघारी गेले.

उन्हं कलली तरी कुणाची भवानी झाली नव्हती. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती झाल्याबिगर माल उचलणं म्हणजे लक्ष्मीला पाठ दाखवणं, म्हणून कुणाला उठताही येईना. गुणाप्पा मडक्यांमागं मान खाली घालून बसला होता.

म्हाळसाक्काला ते बघवेना. लाज वाटलीच, पण लाजेहून जास्त माया दाटून आली. ती उठली, रिकामी पाटी घेतली आणि ओळीनं सगळ्यांकडून घेत सुटली. कुणाची वांगी, कुणाचा हरभरा, कुणाची गुळाची ढेप. पदरची गाठ सुटली, मग हातातले चांदीचे गोट गेले. असं म्हणतात, की अख्खा बाजार तिनं त्या एका पाटीत घेतला, तरी पाटी भरली नाही आणि आक्काची मान वाकली नाही. सगळ्यात वर गुणाप्पाचं मडकं ठेवून ती म्हणाली,

"चूक माजी हाय. बाजाराला कुंपन घालायचं नसतं."

थोरला पंच कुरकुरला, "आक्का, भाइरचं लोक आल्यावर आपला माल कोन घेनार?"

"तुज्या खांद्यावरचं घोंगडं कुनी इनलं? तू?"

कायदा तिथंच मोडला.

आक्का तशीच पाटी घेऊन खोऱ्यात उतरली. दारोदार वांगी वाटली, गूळ वाटला. "खाऊन बघा. ग्वाड लागलं तर बुधवारी या, आनि येताना तुमचंबी काय आसंल ते इकायला आना." असं म्हणतात, की एकाच पहाटे ती प्रत्येक वाडीत दिसली. धनगरवाड्यावर ताक घुसळणाऱ्या बायांनी तिला पाहिलं, त्याच घटकेला नदीकाठच्या कोळ्यांनीही पाहिलं. आणि वाटून वाटून पाटी काही रिती होईना. खरंखोटं देव जाणे, आम्ही मात्र खरंच मानतो.

पुढच्या बुधवारी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. धनगर घोंगडी घेऊन आले, कोळी सुकट घेऊन, कासार बांगड्या घेऊन. धनगरांना लोण्यासाठी मडकी हवी होती. गुणाप्पाची सगळी मडकी दुपारच्या आत खपली. घरी जाऊन त्यानं गाडीतलं चाक उतरवलं, आणि जमिनीला टेकताच ते आपोआप फिरायला लागलं, असं म्हणतात. आक्का त्या दिवशी ओट्यावर बसून पोटभर रडली.

आता निंबशेताला सडक आहे, दुकानं आहेत, ग्रामपंचायतीची पक्की इमारत आहे. पण बुधवारी सरपंचानं, मग डोक्यावर फेटा असो की पदर, रिकामी पाटी घेऊन बाजारात जायचं आणि पहिल्यांदाच आलेल्या परक्या माणसाकडून काहीतरी घ्यायचं. त्या खरेदीला म्हाळसाक्काची भवानी म्हणतात. ती झाल्याशिवाय कुणी तराजू उचलत नाही. एका सरपंचाला पाटी घ्यायची लाज वाटली होती. तो पुन्हा निवडून आला नाही.

एखाद्या बुधवारी नवं कुणीच येत नाही. मग सरपंच वेशीवर उभा राहतो आणि सगळा बाजार खोळंबतो. एकदा असाच एक फिरस्ता वाटेनं चालला होता. त्याला हाक मारून आणलं, तर त्याच्याकडं विकायला काहीच नाही. लोक म्हणाले, येतं ते दे. बिचाऱ्यानं ओढ्याचं पाणी प्यायलं आणि एक गाणं म्हटलं. सरपंचानं त्याला दाम दिले, गाणं पाटीत घेतलं, पाटी डोक्यावर ठेवली आणि बाजार सुरू झाला.