दुखरी बाजू

“म्हणजे कापून घ्यायचं नाही. असंच ना, वस्ताद?”

महिपत उभ्यानंच विचारत होता. बस म्हटलं तरी बसला नाही. बसलं की उठता येत नव्हतं. तसं तो बोलला नाही, पण मला दिसत होतं.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसले होते. दुपारची वेळ, तालमीत दुसरं कुणी नाही. मी माती चाळत होतो.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“मणक्यातली गादी सरकलीय. नस दबलीय.” महिपत हसला. “माझी पाठ बघून म्हणाले, पैलवान, ही पाठ आहे का भिंत?”

“मग?”

“दोन रस्ते आहेत म्हणाले. आराम, गोळ्या, थोडा व्यायाम. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. नाहीतर ऑपरेशन.”

“तुला कुठला सांगितला?”

“आरामाचा. सध्या घाई नाही म्हणाले.”

“मग मला कशाला विचारतोस?”

“तुम्ही एकदा म्हणा ना. कापायचं नाही, असं. तुमच्या तोंडून ऐकलं की मला झोप लागेल.”

वस्ताद दाराकडं बघत होते.

तालमीत येणारा उंबऱ्याबाहेर चपला काढतो. तिथं वस्तादांचा जोड होता, माझा होता. आणि महिपतची एकच चप्पल होती.

“दुसरी कुठंय?”

“काय?”

“चप्पल.”

महिपतनं मागं वळून पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या पायाकडं पाहिलं. तळवा धुळीनं माखला होता. अंगठा ठेचकाळून रक्त आलं होतं.

मी बाहेर गेलो. चप्पल पार गिरणीपाशी पडली होती. तिथून हा तापल्या डांबरावरून एका पायानं अनवाणी चालत आला होता.

मी ती आणून दुसरीशेजारी ठेवली.

“कधीपासून?” वस्तादांनी विचारलं.

“आठवडा झाला असेल. पाऊल उचलत नाही. घासत येतं.”

“डॉक्टरांनी विचारलं नाही?”

“विचारलं. पायात जोर आहे का, बधिर होतंय का, लघवीचं कळतं का… सगळं विचारलं. पाऊल वर ओढून दाखव म्हणाले. परवा गेलो तेव्हा थोडा जोर होता. दात खाऊन ओढलं.”

“आणि सांगितलं काय?”

“काही होत नाही म्हणालो.”

“का?”

महिपतला नवल वाटलं. आपल्याला हे विचारावं, तेही वस्तादांनी.

“तुम्हीच शिकवलंय की. दुखरी बाजू समोरच्याला दाखवायची नाही. दिसली की तो तिथंच धरतो.”

मी चाळणी खाली ठेवली.

“शिकवलंय खरं,” वस्ताद म्हणाले.

मग त्यांनी सदऱ्याची बटणं काढली आणि डावा हात वर उचलायला घेतला. हात खांद्याएवढा आला. तिथं थरथरत थांबला. वस्तादांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी उजव्या हातानं तो धरून हळूच खाली आणला.

वस्ताद पटका एका हातानं बांधतात, ही त्यांची ऐट आहे, असं सगळं गाव म्हणायचं. मीही म्हणायचो. रोज त्यांच्या जवळ असून.

“ये,” ते महिपतला म्हणाले. “इथं दाब.”

महिपत हलला नाही.

“दाब रे. तूच आहेस समोर.”

महिपत पाय ओढत जवळ गेला. त्यानं वस्तादांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. नुसती टेकवली. भलेभले गडी उचलून आपटणारा तो हात दाबायला तयार नव्हता.

“धरलंस का?”

“नाही.”

“दाखवलं होतं की मी.”

महिपतनं बोटं काढून घेतली. तोंड फिरवलं.

“मला भीती वाटते, वस्ताद.”

“कशाची?”

“झोपवतील. जाग आली आणि दोन्ही पाय गेलेले असले तर… पोरगी रोज खांद्यावर बसायला मागते. आज कंबर दुखते, उद्या बस, असं म्हणतो तिला. मग काय म्हणू?”

“मलाही वाटते,” वस्ताद म्हणाले.

महिपतनं त्यांच्याकडं पाहिलं. त्याला वाटलं होतं, ते रागावतील.

“आणखी काय लपवलंस?”

महिपतची नजर माझ्याकडं आली. मी भिंतीकडं तोंड केलं.

“कालपासून…” तो अगदी हळू बोलला, “कालपासून लघवीचं कळत नाही.”

वस्ताद उठले.

“रिक्षा बोलव,” मला म्हणाले. एवढी वर्षं त्यांचा आवाज ऐकतोय, पण असा कधी ऐकला नव्हता.

रिक्षा दाराशी आली. महिपत डावा पाय आत टाकून बसला. उजवा बाहेरच राहिला. त्यानं मांडीला हात घालून ओढला, तरी पाऊल खाली लोंबतच होतं.

वस्ताद गुडघ्यावर बसले. त्यांनी ते पाऊल हातात घेतलं, धूळ पुसली, चप्पल घातली.

“वस्ताद, माझ्या पायाला हात नका लावू.”

“लावलेला कळला का?”

“…दिसला.”

वस्तादांनी पाऊल उचलून आत ठेवलं. थोडा वेळ ते तसंच धरून राहिले.

“गेल्या गेल्या डॉक्टरांना हेच सांग. बसा म्हणायच्या आधी सांग. चप्पल पडली तेही सांग, काल काय झालं तेही सांग.”

“मग ते आजच कापतील.”

“कापतील.”

रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. महिपतनं बाजूची दांडी घट्ट धरली होती. वस्ताद त्याच्या शेजारी जाऊन बसले.

“वस्ताद…”

“बोल.”

“माझी कुस्ती संपली का?”

वस्तादांनी त्याच्या रुंद पाठीवर उजवा हात ठेवला.

“पालथं निजवून करतात म्हणे ते ऑपरेशन. पाठ टेकत नाही, अस्मान नाही दिसत.”