खारकुंभ्याच्या बांधाचं पोट

हा बांध नीट बघा. दोन्ही टोकांना जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढाच रुंद, आणि मध्येच हे असं पोट सुटलेलं. इंजिनियर लोक येतात, फीत लावून मोजतात आणि विचारतात, एवढी माती इथेच कशाला? मी शिवा बांधकरी, या बांधाचा राखणदार. बापजाद्यांकडून ऐकलं ते सांगतो; खरंखोटं खाडीला ठाऊक. तुम्ही सातजण दुबई, मस्कत, लंडनहून आजच्या सभेला आलात. दोन वाड्यांच्या दोन ग्रामपंचायती करा म्हणून अर्ज तुम्हीच तिकडून सह्या करून धाडलात. तेव्हा जरा बसून ऐका.

खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून हा बांध. खारकुंभ्याच्या वाड्या दोन: या टोकाला डोंगरवाडी, त्या टोकाला बंदरवाडी. डोंगरवाडीचे घाटावरून उतरले, बंदरवाडीचे समुद्रातून आले, असं सांगतात. बोली वेगळी, देव वेगळे, माशाच्या कालवणातलं आंबटसुद्धा वेगळं. यांना कोकम लागतं, त्यांना चिंच. पण शेत बांधाच्या आतलं, त्यामुळे माती सगळे मिळून टाकत. सोयरिकीही होत.

त्या काळी दोन्ही वाड्यांची माणसं गलबतांवर चढून आफ्रिकेत जंगबारला कामाला जात. तिथे सगळ्यांची एकच झोपडी नि एकच चूल. बंदरवाडीचा तुळाजी तांडेल त्यांचा म्होरक्या. माणूस वाईट नव्हता हो, पण तोंडाचा फटकळ. इकडे कधी गुराने भात खाल्लं, कधी पालखी आधी कोणाच्या दारात यावरून डोकी फुटली, की बातमी गलबताने तिकडे पोचायची. पोचेपर्यंत इथले लोक भांडण विसरून एकमेकांकडे जेवूनही यायचे! पण तिकडे ती ताजीच. एकदा तुळाजीने पत्र धाडलं, ‘रोजची कटकट कशाला? पुरते वेगळे व्हा. आम्ही पाठीशी आहोत.’ डोंगरवाडीच्या राघूनेही आपल्या लोकांना तसंच कळवलं.

परदेशातल्या माणसाचा शब्द म्हणजे केवढा मान! दोन्ही वाड्यांनी तो पाळला. विहीर वेगळी केली, वाट वेगळी केली. बांधही वाटून घेतला. आपापला अर्धा आपण राखायचा. पण मधल्या दहा-बारा हात जागेवरून मेळ बसेना. तिथे जो माती टाकेल तो हक्क सांगेल, म्हणून तिथे कोणीच टाकायची नाही असं ठरलं. टाकलीच कोणी, तर कोयते निघायचे.

मग सोयरिकी मोडायला घेतल्या. तुळाजीची सख्खी बहीण भागू डोंगरवाडीत दिलेली. नवरा मागेच वारलेला, पदरात एक मुलगी. सासरचे म्हणाले, तू त्यांची, जा. माहेरचे म्हणाले, तू ये, पण मुलगी त्यांच्या रक्ताची, ती तिकडेच ठेव. भागूने दोघांनाही हात जोडले आणि त्या मधल्या जागेवर माडाच्या झापांची खोपटी बांधून लेकीला घेऊन राहिली. दुसरी जागाच उरली नव्हती बिचारीला.

ही बातमी जंगबारला पोचली तेव्हा तुळाजी जेवायला बसला होता. राघू समोरच. राघू म्हणाला, “तांडेल, आपण इथे एका टोपातलं खातो आणि त्यांना तिथे दोन विहिरी खणायला लावतो. आपल्याला काय झालंय?” तीन दिवस दोन्ही वाड्यांची माणसं बोलत बसली म्हणे. भांडली, रडली, एकमेकांची मागची सगळी उणीदुणी काढली. पत्राने काम बिघडलंय, पत्राने सुधारणार नाही, एवढ्यावर शेवटी एकमत झालं. तुळाजी आणि राघू पहिल्या गलबताने निघाले.

ते इथे उतरले तो दिवस पौर्णिमेचा. उधाणाची भरती भर दुपारी यायची होती. मधला बांध झिजून पापडाएवढा उरलेला, तळाशी भगदाड पडून पाणी आत शिरतंय. दोन्ही टोकांना माणसं कोयते घेऊन उभी, आणि मध्ये भागू एकटीच फुटक्या टोपलीने चिखल ओढतेय. तुळाजी उंचावर चढला, हात वर केला, म्हणाला, “गावकऱ्यांनो...”

भागू ओरडली, “दादा, गप! तुझं बोलणं पत्रातून आलं, ते आम्ही भोगतोय. आता माती टाक.”

तुळाजीने तोंड मिटलं. पेंढ्याचा भारा घेऊन तो खाडीच्या अंगाला पाण्यात उतरला आणि पाठीने भगदाड दाबून उभा राहिला. राघूने पहिली टोपली टाकली. झालं! डोंगरवाडीच्या माणसाने माती टाकली, म्हणजे जागा त्यांची होणार, म्हणून बंदरवाडीवाले टोपल्या घेऊन धावले. ते धावले म्हणून डोंगरवाडीवाले धावले. एकोप्याने नाही हो, निव्वळ हट्टाने! कोणीच आधी थांबेना. भरती चढून उतरली तरी माती पडतच होती. बांध तगला, शेतं वाचली, भागूची लेक वाचली. कोणाची टोपली कुठली ते ओळखणंच अशक्य झालं, तेव्हा कुठे लोकांचे हात थांबले.

मग तुळाजीला हाका मारल्या. तो पाण्यात नव्हता. मातीखाली गेला की ओहोटीने ओढला, कोणी पाहिलं नाही. तेराव्याला भागूने दोन्ही वाड्यांसमोर सांगितलं, “माझ्या भावाला बोलायचं होतं. मी बोलू दिलं नाही, आणि त्याने माझं ऐकलं. यापुढे बाहेर राहणाऱ्याने गावाला काही सांगायचं असेल, तर आधी इथे टोपलीभर माती टाकावी. मग हवं ते बोलावं.” एवढं बोलून ती खूप रडली म्हणतात.

आजही तो रिवाज आहे. गेल्या साली एकाने शारजाहून व्हिडिओवर सभेत भाषण सुरू केलं, तर सरपंचबाईंनी मोबाइल पालथा घातला. माती टाकल्यावर ‘वेगळे व्हा’ म्हणालात तरी लोक ऐकून घेतात. आजवर दोघे तसं म्हणालेही. तासभर कडाक्याचं भांडण झालं, पण तोंडीच.

सभा चारला आहे. त्याआधी खाडीत उतरायला हवं, भरती लागली की चिखल मिळत नाही. वरती सभेत नुसतं बसलात तरी कोणी हाकलणार नाही तुम्हाला, चहासुद्धा देतील. पण बोलायचं असेल, तर बूट इथे काढा.