मासा नाही ना?

एकदा एका तरुणाने एका व्यापाऱ्याला एक साधा प्रश्न विचारला आणि व्यापाऱ्याने त्याला एका शब्दात उत्तर दिले. त्या एका शब्दाने पुढे काय अनर्थ केला, त्याची ही गोष्ट.

कृष्णाकाठच्या एका गावात एक जुनी व्यायामशाळा होती. तिथल्या मातीच्या जागी आता रबरी गाद्या आल्या होत्या, भिंतींना आरसे लागले होते; पण मुलांना घडवणारे जिवाजी वस्ताद तेच होते. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ, बोलणे मोजके. मुले त्यांच्या शब्दाबाहेर नसत.

त्या मुलांत ईरण्णा नावाचा एक तरुण होता. घराणे लिंगायत. घरात मांसमासळीचा विटाळ कधी झालेला नाही. सकाळी स्नान करून, गळ्यातले इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याखेरीज तो पाण्याचा घोटही घेत नसे. शरीरसौष्ठवाच्या जिल्हा स्पर्धेची तो जिवापाड तयारी करत होता. त्याचा जोडीदार दौलत. हा भोयांचा मुलगा, नदीत जाळे टाकणाऱ्या घरातला. एकाने वजन उचलायचे आणि दुसऱ्याने मागे उभे राहून सांभाळायचे, असा दोघांचा रोजचा परिपाठ होता.

स्पर्धा जवळ येऊ लागली आणि ईरण्णाचा खांदा दुखू लागला. कुणीतरी म्हणाले, ओमेगा तेलाच्या गोळ्या घे. दौलत तर माशाच्या तेलाच्या गोळ्या घेतच होता. ईरण्णाने वस्तादांना विचारले, "वस्ताद, आमच्या घरी जवसाची चटणी रोज असते. जवसात पण ओमेगा असतं म्हणतात. मग तेवढं पुरे न्हाई का?"

वस्ताद म्हणाले, "जवसात असतं, पण कच्च्या रूपात. त्यातनं हवं ते आपल्या शरीराला घडवावं लागतं, आणि शरीर ते फार थोडं घडवतं. माशाच्या तेलात ते घडवलेलंच मिळतं."

दौलतने मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे मासाच भारी की वस्ताद!"

"थांब. माशानं तरी ते आणलं कुठून? समुद्रात बारीक शेवाळ असतं. ते शेवाळ बारके जीव खातात, त्या जीवांना मासे खातात. मूळ सगळं शेवाळात. आता त्या शेवाळाचंच तेल काढतात, गोळ्याही मिळतात. महाग असतात, पण ईरण्णा, तुझ्या आचाराला धक्का न लागता तुला तेच मिळेल. आणि दोघंही नीट ऐका, कुठल्याच तेलानं दंड फुगत नाही. दंड घामानं होतो, जेवणानं होतो, झोपेनं होतो. तेल आपलं सोबतीला."

ईरण्णा बाजारपेठेतल्या दुकानात गेला. व्यायाम करणाऱ्या मुलांना लागणारी पावडर, गोळ्या, डबे असा सगळा माल तिथे मिळे. त्याने शेवाळाच्या तेलाच्या गोळ्या मागितल्या. व्यापारी आत गेला आणि हिरव्या पानाचे चित्र असलेली एक डबी घेऊन आला.

"मासा नाही ना यात?" ईरण्णाने विचारले. "आमच्यात चालत नाही."

"नाही," व्यापारी म्हणाला.

ईरण्णा रोज गोळी घेऊ लागला. हळूहळू खांदा मोकळा झाला. तेलाने झाला की वस्तादांनी सक्तीने घ्यायला लावलेल्या विश्रांतीने, कोण जाणे. पण मुलगा खूष होता. येईल त्याला तो हिरवी डबी दाखवी आणि म्हणे, "बघा, जीव न मारता सगळं मिळतं."

एका संध्याकाळी व्यायाम संपवून तो वस्तादांपुढे बसला होता. वस्ताद त्याच्या खांद्याला मालिश करत होते. ईरण्णाला ढेकर आला, आणि वस्तादांचे हात थांबले.

"दुपारी काय खाल्लंस?"

"भाकरी, मटकीची उसळ, दही."

"ती डबी आण."

वस्तादांनी पात्याने एक गोळी कापली, तेल बोटावर घेतले आणि बोट ईरण्णापुढे धरले. ईरण्णाला त्या वासाची ओळख नव्हती. ती दौलतला होती. तो मागेच उभा होता. त्याने वास घेतला आणि त्याला हसू फुटले. "आरं, ह्यो तर आमच्याच गोळीचा वास! ईरण्णा, इतके दिवस मासा खातोयस गड्या!"

आजूबाजूची मुलेही हसली. ईरण्णाचा चेहरा पांढराफटक पडला. तो नळाकडे धावला, घशात बोटे घातली, ओकला, पुन्हा पुन्हा चुळा भरत राहिला. मग मात्र कुणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्नान केले, पूजेला बसला आणि तळहात पुढे करून तसाच राहिला. इष्टलिंगाला हात लावायचे धैर्य त्याला होईना. आईने दोनदा हाक मारली. तो पूजेवाचून उठला, आणि पूजा नाही म्हणून त्याने दिवसभर पाणीही घेतले नाही. संध्याकाळी व्यायामशाळेत आला तो थेट भिंतीकडे गेला आणि लोखंडी दांडा उचलून बाहेर निघाला. वस्ताद दारात उभे होते.

"कुठं?"

"दुकान फोडायला."

"दांडा ठेव. मीही येतो. आधी विचारू."

दुकानात व्यापाऱ्याने काही नाकारले नाही. मला या गोष्टीत सर्वांत जास्त संताप येतो तो इथे. तो ओशाळला नाही, घाबरला नाही, उलट समजावणीच्या सुरात बोलू लागला. "वस्ताद, शेवाळाचा माल संपला होता. स्पर्धा तोंडावर आलेली. पोरगं रिकाम्या हातानं परत गेलं असतं. मी माशाच्या गोळ्या हिरव्या डबीत भरून दिल्या, चांगल्यातल्या दिल्या. मला सांगा, खांदा बरा झाला ना? फायदा झाला ना? तेल ते तेल. एकदा पोटात गेल्यावर काय कळतंय?"

ईरण्णाच्या मुठी आवळल्या. वस्तादांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि ते त्याला घेऊन परतले.

याहून वाईट पुढेच आहे. गावात बातमी पसरली आणि शहाणी माणसे व्यापाऱ्याचीच भाषा बोलू लागली. फायदा झाला ना? मग एवढं काय त्यात? हल्लीच्या काळात असलं कोण पाळतं? जणू एखाद्याने काय पाळावे हे ठरवण्याचा अधिकार त्याला सोडून बाकी साऱ्या गावाला होता! माणूस नागवला गेला की लोक आधी त्याचाच हट्ट मोजायला बसतात. ईरण्णाने व्यायामशाळेत येणे थांबवले. पूजा त्याच्याने होईना; आईच्या आग्रहाखातर तो दोन घोट पाणी आणि घासभर जेवण घेई, एवढेच.

अशा वेळी वस्तादांनी जे केले, त्याने सगळेच चक्रावले. रविवारी सकाळी त्यांनी व्यापाऱ्याला व्यायामशाळेत ठंडाई प्यायला बोलावले, आणि ईरण्णालाही निरोप धाडला. ईरण्णा आला तो धुमसतच. "ज्यानं मला बाटवलं, त्याचा पाहुणचार? वस्ताद, हे मला तुमच्याकडनं बघायचं नव्हतं."

"बस," वस्ताद एवढेच म्हणाले.

व्यापारी हसतमुखाने आला. प्रकरण मिटले असेच त्याला वाटले असावे. वस्तादांनी स्वतः बदाम, खसखस, बडीशेप पाट्यावर वाटली होती. ठंडाईचा मोठा पेला त्यांनी व्यापाऱ्याच्या हातात दिला. व्यापाऱ्याने तो ओठांजवळ नेला आणि थबकला.

"वस्ताद, राग मानू नका, पण विचारावं लागतं. भांग नाही ना यात? आमचे वडील दारूपायी गेले. आई जाताना तिचा हात हातात घेऊन शब्द दिलाय, नशेचं काही तोंडाला लावणार नाही म्हणून."

"नाही," वस्ताद म्हणाले.

व्यापाऱ्याने पेला रिकामा केला, मिशा पुसल्या, ठंडाईची तारीफ केली. वस्ताद त्याच्यासमोर बसले आणि शांतपणे म्हणाले, "ह्या पोरानंही तुम्हाला असंच विचारलं होतं. तुम्हीही असंच 'नाही' म्हणाला होता."

व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, डोळ्यांतून मात्र ते गेले. "म्हणजे?"

वस्तादांनी ठंडाईच्या भांड्यावर झाकण ठेवले.

"वस्ताद, होती का भांग?"

"मी नाही म्हणालो की."

"ते मघाशी! आता खरं सांगा!"

"ठंडाई प्रकृतीला चांगली असते. तुम्हाला फायदाच होईल. आणि पोटात गेल्यावर काय कळतंय?"

व्यापारी ताडकन उठला. पेला घरंगळत गेला. "फायदा गेला चुलीत!" तो ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "आईला दिलेला शब्द आहे माझा! तुम्हाला काय अधिकार होता माझ्या शब्दाशी खेळायचा?"

व्यायाम सोडून मुले भोवती जमली होती. आपण काय बोललो ते व्यापाऱ्याच्याच कानांवर परत येऊन आदळले असावे, कारण तो एकदम थांबला. त्याने ईरण्णाकडे पाहिले. या प्रकरणात त्याने त्या मुलाकडे खरोखर पाहिले ते तेव्हाच.

मग वस्तादांनी त्याच भांड्यातली ठंडाई एका पेल्यात ओतली आणि स्वतः प्यायले. "भांग नव्हती. दूध, बदाम, खसखस, बडीशेप, साखर. पहिल्यांदा सांगितलं तेच खरं."

"खरंच?" व्यापाऱ्याने विचारले. "आईची शपथ?"

"शपथेवर तरी कसा विश्वास ठेवाल?"

व्यापारी खाली बसला.  ईरण्णाला मात्र राहवेना. "वस्ताद, ह्यात तुम्हीही त्याला छळलंतच की. मग त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

वस्तादांनी आवाज चढवलेला मुलांनी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"फरक हा, की मी एकही खोटा शब्द बोललो नाही! आणि तरी ह्याला विश्वास बसेना. का? तर 'नाही' हा शब्द किती स्वस्तात विकता येतो, हे ह्याला ठाऊक आहे. ज्यानं आपलं 'नाही' नासवलं, त्याला दुसऱ्याचं 'नाही' कधी पचत नाही. ऐका रे सगळे. माशात पाप नाही. दौलतच्या घरी मासा म्हणजे अन्न आहे, त्याला मी हात जोडतो. शेवाळाच्या गोळीत काही पुण्य भरलेलं नाही. दोन्ही तेलं आपापल्या जागी चांगली. त्या डबीत वाईट होता तो ह्याचा शब्द. माणूस जेव्हा 'ह्यात काय आहे' म्हणून विचारतो, तेव्हा तो डोळे मिटून आपला हात तुमच्या हातात देत असतो. तेव्हा त्याला खड्ड्यात ढकलायचं आणि वर म्हणायचं, पडलास पण हाडं मजबूत झाली! फायदा झाला ना? अरे, कुणी मागितला होता असला फायदा?"

मग ते ईरण्णाकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली आला. "तू विचारून घेतलंस. विश्वासानं घेतलंस. तुझा आचार तू मोडला नाहीस, पोरा. तो ज्यानं मोडला, ओझं त्याचं. उद्या सकाळी लिंग हातात घे."

व्यापाऱ्याने हात जोडले. वस्तादांनी तो नमस्कार घेतला नाही, ईरण्णाकडे बोट दाखवले. व्यापारी त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलो. तू विचारलं होतंस, मी खोटं बोललो."

ईरण्णा म्हणाला, "ऐकलं मी." माफ केले असे तो म्हणाला नाही. मला विचाराल तर तेच बरोबर. मागणाऱ्याने मागताक्षणी क्षमा हातावर ठेवलीच पाहिजे, असा काही नियम नाही.

त्यानंतर व्यापाऱ्याने दुकानातल्या सगळ्या हिरव्या डब्या रिकाम्या केल्या आणि माल संपला की "संपला" म्हणायला तो शिकला. काही गिऱ्हाइके त्यामुळे परतही जात. त्या रविवारच्या दुसऱ्या सकाळी ईरण्णाने इष्टलिंग तळहातावर घेतले आणि पूजा केली.  स्पर्धेत त्याला क्रमांक मिळाला नाही. त्या दिवसांत त्याचा बराच व्यायाम बुडाला होता. दौलतला मिळाला. बक्षीस घेऊन मंचावरून उतरल्यावर दौलत त्याच्यापाशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, "त्या दिवशी मी हसलो. हसायला नको हुतं." ईरण्णाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

बक्षिसाच्या आनंदात दौलतच्या आईने ईरण्णाला दुपारच्या जेवणाला बोलावले. घर नदीला लागून. दारात जाळी वाळत घातलेली. चुलीवर मासळीचे कालवण रटरटत होते. ईरण्णा उंबऱ्यापाशी क्षणभर घोटाळला. दौलतची आई, गोदामावशी, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"ये रं बाळा. तुझं येगळं केलंय. बाजारातनं नवी भांडी आणली, चूल पण परसात येगळी मांडली. आमटी हाय, भाकरी हाय, वांगं हाय. आत येऊन डोळ्यांनी बघून घे बाबा, मगच बस. मला राग न्हाई यायचा."

"मासा नाही ना मावशी?" ईरण्णाने विचारले.

"न्हाई रं लेकरा."

परसात जाऊन बघायला तो वळला नाही. पाटावर बसला, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि जेवू लागला.